वर्षाला किती पिशव्या?

बारा महिन्यांत पाच वेळा रक्त काढावं लागलं तर तीस टक्के. सहा वेळा काढावं लागलं तर साठ टक्के.

अमेरिकेत माजी सैनिकांचं अपंगत्व मोजण्याची सरकारी नियमावली आहे. तिच्यात ७७०४ क्रमांकाच्या नोंदीत हा हिशेब दिलेला आहे. पहिल्यांदा वाचला तेव्हा मी थबकले. तुटलेला हात दिसतो, अधू पायाची लांबी मोजता येते, बहिऱ्या कानाला यंत्र लावून आकडा काढता येतो. रक्ताचं काय करायचं? ते एका जागी थांबत नाही. आज नसांतून फिरणाऱ्या तांबड्या पेशींपैकी जवळजवळ एकही चार महिन्यांनी शिल्लक नसते. अशा वाहत्या, सतत बदलत्या गोष्टीला टक्के लावायचे कसे? नियम करणाऱ्यांनी त्यावर शोधलेलं उत्तर इतकं साधं आहे की आश्चर्य वाटावं: माणसाला किती वेळा सुईखाली हात धरावा लागतो, ते मोजा.

७७०४ हा क्रमांक ‘पॉलिसायथेमिया व्हेरा’ या आजाराचा आहे. या आजारात रक्त कमी पडत नाही, उलट ते जास्त होतं. आपल्याकडे ‘अंगात रक्त नाही’ ही तक्रार घरोघरी ऐकू येते, त्यामुळे रक्त जास्त असणं हा आजार कसा, असं वाटेल. त्यासाठी हाडांच्या आत डोकवावं लागेल.

आपल्या अस्थिमज्जेत दर सेकंदाला साधारण वीस लाख तांबड्या पेशी तयार होतात. हे वाक्य वाचून होईपर्यंत एक कोटीच्या आसपास झाल्या असतील. या प्रचंड कारखान्याचा लगाम मूत्रपिंडांच्या हाती असतो. प्राणवायू कमी पडतोय असं वाटलं की मूत्रपिंडं एरिथ्रोपॉइटिन नावाचं संप्रेरक सोडतात. ते मज्जेतल्या पेशीच्या दारावर येऊन थाप मारतं. दाराच्या आतल्या बाजूला जॅक-२ नावाचं प्रथिन बसलेलं असतं. थाप ऐकली की ते आत निरोप देतं, ‘पेशी बनवा.’ थाप थांबली की ते गप्प बसतं.

पॉलिसायथेमिया व्हेरामध्ये हे जॅक-२ गप्प बसायचं विसरतं. दारात कोणी नसताना ते ‘बनवा, बनवा’ म्हणत राहतं. कारण एका अक्षराचं आहे. जनुकातलं एक अक्षर बदलतं, त्यामुळे प्रथिनाच्या साखळीतला ६१७ वा मणी बदलतो, व्हॅलिनच्या जागी फिनाइलअॅलनिन येतं, आणि लगाम सुटतो. २००५ मध्ये चार वेगवेगळ्या गटांनी हा बदल शोधला. शंभरातल्या जवळपास पंच्याण्णव रुग्णांमध्ये तो सापडतो. जन्मापासून असलेला हा बदल नव्हे. आयुष्यात कधीतरी मज्जेतल्या एका पेशीत तो होतो आणि तिच्या लेकी-नातींचा गोतावळा वाढत जातो. आजाराचं वर्णन मात्र त्याच्या कितीतरी आधीचं आहे. पॅरिसच्या लुई आँरी व्हाकेझनं ते १८९२ मध्ये केलं, तर विल्यम ऑस्लरनं १९०३ मध्ये त्याला स्वतंत्र आजार म्हणून ओळख मिळवून दिली.

रक्त दाट झालं की चेहरा लालबुंद होतो, डोकं जड होतं, तळहात आणि तळपाय जळतात. गरम पाण्यानं आंघोळ केल्यावर अंगाला अशी खाज सुटते की काही जण आंघोळीचीच धास्ती घेतात. या खाजेच्या वेळी त्वचेवर बहुतेकदा पुरळही दिसत नाही, म्हणून घरच्यांना ती पटत नाही. खरी भीती गुठळीची असते. मेंदूत, हृदयात, पायाच्या शिरेत किंवा यकृताच्या नसेत, गुठळी कुठेही अडकू शकते.

यावरचा पहिला उपाय फार जुना आहे. तुंबड्या आणि जळवा लावून रक्त काढणं आपल्या पणजोबांना माहीत होतं. बहुतेक आजारांतून ती पद्धत वैद्यकानं केव्हाच हद्दपार केली. इथे मात्र शीर टोचून रक्त काढून टाकणं आजही खरोखर जीव वाचवतं. एका वेळी साधारण साडेचारशे मिलिलिटर, म्हणजे रक्तदानाला जाते तेवढी एक पिशवी. रक्तात तांबड्या पेशींचा वाटा किती, ते सांगणारा आकडा म्हणजे हिमॅटोक्रिट. तो ४५ टक्क्यांच्या खाली ठेवायचा. इटलीत झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ४५ च्या खाली ठेवलेल्यांची तुलना ४५ ते ५० दरम्यान ठेवलेल्यांशी केली गेली. दुसऱ्या गटात हृदयविकारानं, रक्तवाहिन्यांच्या विकारानं येणारा मृत्यू किंवा मोठी गुठळी यांचं प्रमाण जवळपास चौपट निघालं. ४५ आणि ४८ मध्ये आपल्याला फरक वाटणार नाही. शरीराला तो वाटतो.

या उपचाराची एक बाजू मला फार विलक्षण वाटते. प्रत्येक पिशवीबरोबर दोनशे मिलिग्रॅमहून जास्त लोह शरीराबाहेर जातं. काही महिन्यांत लोहाचा साठा आटतो, आणि डॉक्टर तो सहसा भरून काढत नाहीत, कारण लोह नसलं की बेफाम कारखान्याला कच्चा माल मिळत नाही. म्हणजे रक्त उतू जाणारा माणूस त्याच वेळी लोहाच्या कमतरतेनं थकलेला असतो. चेहरा लाल आणि पायात त्राण नाही. बाहेरून बघणाऱ्याला हा माणूस आजारी दिसतच नाही.

अशा न दिसणाऱ्या आजाराला टक्के लावण्याची पद्धत कशी घडली, ते बघण्यासारखं आहे. अमेरिकन यादवी युद्धात १८६४ च्या कायद्यानं दोन्ही हात गमावलेल्या सैनिकाला महिना २५ डॉलर आणि दोन्ही पाय गमावलेल्याला २० डॉलर ठरवून दिले. काय गेलं, ते बघा आणि पैसे द्या. १९१७ मध्ये पहिल्या महायुद्धाच्या वेळी विचार पालटला. त्या वर्षीच्या कायद्यानं ठरवलं की मोजायची ती कमावण्याच्या ताकदीतली सरासरी घट. सरासरी, म्हणजे तुमची स्वतःची नव्हे. तीच दुखापत झालेल्या माणसांची कमाई साधारणपणे किती घटेल, ते बघायचं. त्यामुळे बोट गमावलेला सुतार आणि बोट गमावलेला कारकून एकाच पायरीवर बसतात. १९२० च्या दशकात व्यवसाय लक्षात घेऊन टक्के देण्याचा प्रयोग झाला, तो १९३३ मध्ये सोडून दिला गेला. आजच्या नियमावलीचा सांगाडा १९४५ चा आहे. माझ्या मते सरासरीचा हा निर्णय कठोर असला तरी योग्य होता, कारण त्यामुळे जो माणूस जिद्दीनं पुन्हा कामाला लागतो त्याचे टक्के त्याच्या जिद्दीपायी कापले जात नाहीत.

पॉलिसायथेमिया व्हेराला पूर्वी तीनच पायऱ्या होत्या: दहा, चाळीस आणि शंभर. रक्त काढावं लागतं एवढ्यावर चाळीस मिळत. वर्षातून एकदा काढा किंवा बारा वेळा, सरकारला सारखंच. ९ डिसेंबर २०१८ पासून नवी शिडी आली. वर्षाला तीन किंवा कमी वेळा रक्त काढावं लागलं तर दहा टक्के, चार-पाच वेळा लागलं तर तीस, सहा किंवा अधिक वेळा लागलं तर साठ. औषधांच्या अटीही नव्यानं ठरल्या. तांबड्या पेशी ताब्यात ठेवण्यासाठी नेमक्या रेणूवर नेम धरणारं औषध लागत असेल तर साठ टक्के. मूळ पेशींचं प्रत्यारोपण किंवा लक्षणांचा भार हलका करण्यासाठी केमोथेरपी लागली तर शंभर.

एक शब्द मात्र दोन पायऱ्यांवर बसला आहे. मज्जेला आवर घालणारी औषधं शंभराच्या पायरीवर केमोथेरपीच्या पोटात आहेत, आणि तीसच्या पायरीवरही आहेत. तीसच्या पायरीवर ती प्लेटलेट्स किंवा पांढऱ्या पेशी ठरावीक आकड्याच्या खाली ठेवण्यासाठी सतत घ्यायची म्हणून आहेत. गोळी तीच, बाटली तीच. फरक कशासाठी दिली यात. लक्षणांचा त्रास कमी व्हावा म्हणून, की आकडे काबूत राहावेत म्हणून? रोग्याच्या शरीरात ही दोन कामं वेगळी होत नाहीत. कायद्यात होतात, आणि डॉक्टरांनी केसपेपरवर लिहिलेल्या एका ओळीवर तीस आणि शंभर यांच्यामधलं अंतर ठरू शकतं. नियमातली ही जागा कच्ची आहे. ती दुरुस्त व्हायला हवी असं मला मनापासून वाटतं.

शिडीवर चढण्याआधी एक दार ओलांडावं लागतं. आजार सेवेशी जोडलेला आहे हे सिद्ध करावं लागतं. त्यासाठी तीन गोष्टी लागतात: आज असलेला आजार, सेवेत घडलेली काही घटना किंवा झालेला संपर्क, आणि या दोहोंना जोडणारा वैद्यकीय धागा. रक्ताच्या आजारात हा धागा सापडणं सगळ्यात अवघड, कारण मज्जेतली एक पेशी नेमकी कधी आणि कशानं बिघडली याची नोंद कोणाकडे असणार?

काही आजारांसाठी सरकारनं हा धागा आपणहून मान्य केला आहे. व्हिएतनामच्या जंगलांवर फवारलेल्या एजंट ऑरेंज या तणनाशकाशी जोडलेल्या आजारांच्या यादीत मल्टिपल मायलोमा हा मज्जेतला कर्करोग आणि बी-पेशींचे जुनाट रक्तकर्करोग आहेत. नॉर्थ कॅरोलिनातल्या कॅम्प लेजून या मरीन तळाच्या पिण्याच्या पाण्यात अनेक वर्षं बेंझीन आणि धुलाईची रसायनं मिसळत होती. ऑगस्ट १९५३ ते डिसेंबर १९८७ या काळात तिथे किमान तीस दिवस राहिलेल्या सैनिकाला रक्तकर्करोग किंवा अप्लास्टिक अॅनिमिया झाला, तर तो त्या पाण्यामुळेच झाला असं गृहीत धरलं जातं. सैनिकांनी ते पाणी स्वयंपाकाला वापरलं, लेकरांना पाजलं. एजंट ऑरेंजच्या यादीत पॉलिसायथेमिया व्हेराचं नाव नाही. त्या रुग्णाला आपला धागा स्वतः शोधावा लागतो.

याच नियमावलीत शून्य टक्क्यांचीही एक पायरी आहे. ‘एमगस’ या अवस्थेत रक्तात एक अनोळखी प्रथिन दिसतं, त्रास काहीच नसतो. दरवर्षी अशा शंभरातल्या साधारण एकाचं मायलोमात किंवा तशाच आजारात रूपांतर होतं. २०२२ च्या पॅक्ट कायद्यानं एमगसला एजंट ऑरेंजच्या यादीत घेतलं. मोजपट्टीवर त्याला शून्य. लक्षणं असलेल्या मायलोमाला शंभर. मधे एकही पायरी नाही. हे शून्य वाया गेलेलं नसतं. ‘हे आमच्या सेवेमुळे झालं’ अशी सरकारची कबुली त्यात नोंदली गेलेली असते, आणि पुढे आजार उठला तर सैनिकाला धाग्याचा वाद पुन्हा पहिल्यापासून घालावा लागत नाही.

पुरावा दोन्ही बाजूंना सारखाच भरला तर? क्रिकेटमध्ये पंचाच्या मनात शंका असली की फायदा फलंदाजाला. इथेही तसंच. तराजू समतोल राहिला तर निकाल सैनिकाच्या बाजूनं द्यायचा, असं कायदाच सांगतो. माजी सैनिकांच्या अपिलांसाठी असलेल्या न्यायालयानं १९९० मध्ये हे तत्त्व समजावताना बेसबॉलचा दाखला दिला होता: बरोबरी झाली तर धावणारा वाचतो. डॉक्टरांच्या पत्रात म्हणूनच ‘नक्की’ हा शब्द लागत नाही. संबंध असण्याची शक्यता निदान नसण्याइतकी आहे, एवढं पुरतं.

आता गणित. या आजाराच्या गुंतागुंती, म्हणजे रक्तदाब, गाउट, पक्षाघात, गुठळ्या, वेगळ्या मोजाव्यात असं नियमच सांगतो. समजा एखाद्याला रक्तासाठी साठ टक्के, पक्षाघातानं अधू झालेल्या हातासाठी तीस आणि रक्तदाबासाठी दहा मिळाले. शाळेत शिकलेली बेरीज शंभर सांगते. नियमावली शंभर म्हणत नाही. तिचा विचार असा: माणूस शंभर टक्के धडधाकट. साठ गेले, उरला चाळीस. तीस टक्के कापायचे ते या उरलेल्या चाळीसातून, म्हणजे बारा. झाले बहात्तर, उरला अठ्ठावीस. त्याचे दहा टक्के, जवळपास तीन. एकूण पंच्याहत्तर. शेवटी एकदाच जवळच्या दहाच्या पटीत न्यायचं, आणि पाच असेल तर वर. उत्तर ऐंशी.

या पद्धतीत दहा टक्क्यांची किंमत जागेनुसार बदलते. साठला दहा जोडले की होतात चौसष्ट, आणि खाली उतरून परत साठच. रक्तदाबाचे ते दहा टक्के मग हाताला काहीच लागू देत नाहीत. तेच दहा टक्के बहात्तरला जोडले की सैनिक सत्तरवरून ऐंशीवर जातो. नेमक्या नव्वदवरून शंभरावर जायला तर आणखी पन्नास टक्के लागतात. आणि पैशांतली सगळ्यात मोठी उडी नेमकी तिथेच आहे. २०२५ च्या दरानं अवलंबून कोणी नसलेल्या सैनिकाला दहा टक्क्यांवर महिना १७५.५१ डॉलर, साठवर १,३९५.९३, नव्वदवर २,२९७.९६ आणि शंभरावर ३,८३१.३० डॉलर मिळत होते, सगळे करमुक्त. म्हणजे शेवटच्या एका पायरीवर दीड हजार डॉलरहून जास्त. साठ टक्क्यांचा एकच आजार असेल आणि त्यामुळे पोटापुरती नोकरी टिकवणं अशक्य झालं असेल, तर टक्के तेवढेच ठेवून शंभराचा दर मागण्याची सोय आहे. अशी खिडकी ठेवणाऱ्यांना सरासरीचा तोटा माहीत होता, हे उघड आहे.

याच नियमावलीत सिकलसेलही आहे, आणि तिथे वेदनेचे झटके मोजतात. वर्षात एक-दोन झटके आले तर तीस टक्के, तीन आले तर साठ. चार किंवा अधिक आले आणि हलकं अंगमेहनतीचं कामही अशक्य झालं तर शंभर. नुसता वाहक असणं हे अपंगत्व धरत नाहीत. गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार इथल्या कित्येक घरांना हे झटके काय असतात ते सांगावं लागत नाही. आपल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया या तिन्हींना दिव्यांगत्वाच्या यादीत घेतलं, म्हणजे रक्तालाही टक्के लागू शकतात हे आपल्या कायद्यानंही मान्य केलं.

आपल्या सैन्यातही या दाराची आणि शिडीची कहाणी आहे. अपशिंगे मिलिटरी किंवा सैनिक टाकळीसारख्या गावांत ‘मेडिकल बोर्ड’ आणि ‘डिसॅबिलिटी पेन्शन’ हे शब्द मराठीच झाले आहेत. आपला प्रश्न असा विचारला जातो: आजार सेवेमुळे झाला का, किंवा सेवेमुळे बळावला का? २०१३ मध्ये धरमवीर सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर जवान तेव्हा निरोगी होता असं धरायचं. पुढे तब्येत ढासळली तर ती सेवेमुळे असं मानायचं, आणि ते सिद्ध करण्याचं ओझं जवानावर टाकायचं नाही. टक्क्यांचं आपलं गणितही वेगळं आहे. अपंगत्वामुळे सेवेतून बाहेर पडलेल्या जवानासाठी १९९६ पासून लागू झालेल्या धोरणात पन्नासच्या आतले टक्के पन्नास धरतात, पन्नास ते पंच्याहत्तरला पंच्याहत्तर आणि त्यापुढे शंभर. अमेरिकेची शिडी दहा-दहाच्या पायऱ्यांची आहे, आपली तीन मोठ्या पायऱ्यांची.

७७०४ च्या चार पायऱ्या मी पुन्हा पुन्हा वाचल्या. त्यांत पिशव्या मोजल्या आहेत, औषधं मोजली आहेत, प्लेटलेट्सचा आकडा दिला आहे. आंघोळीनंतरची खाज त्यांत नाही. लोह आटल्यावर येणारा थकवा नाही. सहाव्या पिशवीनंतर घरी येऊन दुपारभर पडून राहिलेल्या माणसाचं नियमाला दिसतं ते इतकंच: सहा. तरी २०१८ च्या आधी त्याला हे सहासुद्धा दिसत नव्हते.

म्हणून एक सांगणं आहे. तुमच्या घरात, नात्यात किंवा गावात सैन्यातून परतलेलं कोणी असेल, इथल्या सैन्यातून असो की दुसऱ्या देशाच्या, आणि त्याला रक्ताचा जुना आजार असेल, तर त्याच्यासाठी एक साधी वही घाला. रक्त काढलं ती तारीख, चढवलं ती तारीख, दुखण्याचा झटका आला तो दिवस, औषध बदललं तो दिवस, आणि ते डॉक्टरांनी कशासाठी दिलं ते, सगळं लिहून ठेवा. भरतीच्या वेळचे वैद्यकीय कागद सापडले तर त्याच वहीत ठेवा.